एका फाइलीत तिघांचे बदल : गिट मर्ज पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मी दादरला राहते आणि मुद्रितशोधन करते. प्रोग्रामिंगचा आणि माझा संबंध शून्य. तरी मला गिट (फाइलीत कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारा आणि ते बदल जुळवणारा प्रोग्राम) शिकावं लागलं, कारण बोरिवलीचा माझा भाचा, मुलुंडची एक मैत्रीण आणि मी मिळून लोकलच्या स्थानकांची एक यादी सांभाळतो. लिफ्ट कुठे आहे, सरकता जिना कुठे, कोणत्या पुलावरून कुठे उतरता येतं, असली माहिती. गुडघे कुरकुरणाऱ्या ओळखीच्या मंडळींसाठी. साधी मजकुराची फाइल, एका स्थानकाला एक ओळ. सुरुवात केली ती कुठूनशी मिळालेल्या जुन्या यादीवरून. तिच्यात राम मंदिर नव्हतंच (ते डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं) आणि प्रभादेवीच्या जागी अजून एल्फिन्स्टन रोड होतं (नाव बदललं जुलै २०१८ मध्ये). म्हणजे दुरुस्त्या भरपूर आणि करणारे तीन.

पहिले काही महिने फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. ‘स्थानके नवीन’, ‘स्थानके नवीन २’, ‘स्थानके फायनल हीच घ्या’. मग एका रात्री मी चुकीच्या प्रतीवर काम करून तीच सगळ्यांना पाठवली, आणि मैत्रिणीने दोन रविवार मुलुंडपासून पायपीट करून जमवलेलं सगळं गेलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात भाच्याने गिट बसवून दिलं, आणि पुढचे दोन महिने मी त्यात अडखळत राहिले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

एक खुलासा. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या (‘हेड’ तेवढा मोठ्या लिपीत), अंकही इंग्रजी. शब्दाआधी दोन आडव्या रेघा दिसतील तिथे त्या दोन्ही हव्यात, आणि त्या रेघा व पुढचा शब्द यांच्यामध्ये जागा सोडायची नाही.

काय काय लागेल

– लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. फोनवर हे काम करायला जाऊ नका.
– गिट. फुकट आहे. विंडोजवर ‘गिट फॉर विंडोज’ उतरवून घ्या, त्यासोबत गिट बॅश नावाची काळी खिडकी येते. कमांड तिच्यातच द्यायच्या. मॅकवर टर्मिनलमध्ये ‘गिट --व्हर्जन’ टाइप केलं की नसल्यास तोच बसवायचं का म्हणून विचारतो.
– मजकूर संपादक. व्हीएस कोड किंवा नोटपॅड प्लस प्लस. वर्ड नको.
– हवं असल्यास मेल्ड किंवा केडिफ३. दोन-तीन प्रती शेजारी शेजारी दाखवणारी ही साधनं आहेत, दोन्ही फुकट.
– ज्यांचे बदल तुम्ही जुळवणार त्यांचा फोन नंबर. हे थट्टेत लिहिलेलं नाही.

पायरी १ : मूळ प्रत म्हणजे काय ते आधी समजून घ्या

ही पायरी गाळली म्हणून माझे दोन महिने गेले, तेव्हा इथे जरा थांबा.

एकाच मजकुराची दोन प्रुफं निघतात. एक लेखकाकडे जातं, एक शोधकाकडे. दोन्ही परत आली की दुरुस्त्या एका प्रुफावर उतरवायच्या असतात. उतरवणारी नवशिकी असेल तर ती दोन प्रुफं एकमेकांशी ताडत बसते आणि गोंधळते. मुरलेली शोधक प्रत्येक प्रुफ मूळ छापाशी ताडते.

गिट नेमकं हेच करतं. समजा माझ्या फाइलीत जोगेश्वरीच्या खाली गोरेगाव आहे आणि भाच्याच्या फाइलीत दोघांच्या मध्ये राम मंदिर आहे. नुसत्या या दोन फाइली पाहून सांगा : भाच्याने ओळ घातली, की मी काढून टाकली? सांगता येणार नाही. आम्ही दोघं जिथून वेगळे झालो ती प्रत काढली, तिच्यात राम मंदिर नाही, म्हणजे भाच्याने घातली. या मूळ प्रतीला गिटमध्ये मर्ज बेस म्हणतात, आणि तिन्ही प्रती पाहून जुळवण्याला थ्री-वे मर्ज.

नियम सोपे आहेत. एकाच बाजूने ओळ बदलली असेल तर तो बदल घेतला जातो. दोघांनी अगदी एकसारखा बदल केला असेल तर तो एकदाच घेतला जातो. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट हात वर करतं आणि तुम्हाला विचारतं. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात. नाव भांडणाचं असलं तरी ती फक्त शंका आहे, समासात काढलेल्या प्रश्नचिन्हासारखी. मला पहिल्यांदा ती स्क्रीन दिसली तेव्हा मी लॅपटॉपच मिटला होता.

एक बारीक गोष्ट : बदललेल्या ओळी अगदी लागून असतील तरीही कॉन्फ्लिक्ट येतो. मी दादरची ओळ बदलली आणि भाच्याने लगेच खालची माटुंगा रोडची, तर ओळी वेगळ्या असूनही गिट विचारतं. मध्ये न बदललेली ओळ असेल तर विचारत नाही.

पायरी २ : मर्जच्या आधी आपलं घर आवरा

पहिल्यांदाच वापरत असाल तर गिटला आपलं नाव आणि ईमेल सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच कमिटला (केलेले बदल गिटमध्ये नोंदवण्याला कमिट म्हणतात) ते अडेल. त्यासोबत ही एक सेटिंग आत्ताच करा :

गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३

याने कॉन्फ्लिक्टच्या वेळी दोन्ही बाजूंबरोबर मूळ ओळही दिसते. ही सेटिंग आपोआप चालू का नसते हे मला कळलेलं नाही. तुमचं गिट २.३५ किंवा त्यानंतरचं असेल तर डिफ३ च्या जागी ‘झेडडिफ३’ लिहा. दोन्हीकडे सारख्या असलेल्या ओळी ते चौकटीबाहेर काढतं, वाचायला सुटसुटीत.

मग ‘गिट स्टेटस’ द्या. कमिट न केलेले बदल दिसले तर आधी कमिट करा. अर्धवट बदल उघडे ठेवून मर्ज करू नका. काही बिघडलं तर परत येण्याची जागा उरत नाही.

पायरी ३ : आणा, बघा, मग जुळवा

सगळे सांगतात ‘गिट पुल’ मारा. पुल म्हणजे दोन कामं एकदम : दुसऱ्यांचे बदल आणणं (फेच) आणि लगेच जुळवणं (मर्ज). नवख्या माणसाने ती वेगळी करावीत.

गिट फेच
गिट डिफ हेड...ओरिजिन/मैत्रीण

हेड म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात ती प्रत, ओरिजिन म्हणजे सगळ्यांची सामायिक प्रत जिथे ठेवलेली असते ती जागा, आणि ‘मैत्रीण’ हे तिच्या ब्रँचचं, म्हणजे तिच्या कामाच्या वेगळ्या फांदीचं, नाव. मधली तीन टिंबं महत्त्वाची. दोन टिंबं दिलीत तर तुमची आणि तिची प्रत थेट ताडली जाते. तीन दिलीत तर मूळ प्रतीपासून तिने काय बदललं तेवढंच दिसतं. ते वाचा. बदल वाचल्याशिवाय जुळवणं म्हणजे पाकीट न उघडता चेकवर सही करणं.

वाचून झालं की :

गिट स्विच मेन
गिट मर्ज ओरिजिन/मैत्रीण

जुन्या प्रकल्पांत मुख्य ब्रँचचं नाव मेन नसून मास्टर असतं. तुम्ही मधल्या काळात काहीच बदललं नसेल तर ‘फास्ट-फॉरवर्ड’ असा शब्द दिसेल, म्हणजे जुळवायचं काही नव्हतंच. नाहीतर कमिटच्या संदेशासाठी संपादक उघडेल. तो व्हिम असेल तर गडबडू नका : एस्केप दाबा, मग कोलन (:), डब्ल्यू, क्यू आणि एंटर. आणि कॉन्फ्लिक्ट आला तर पुढची पायरी.

पायरी ४ : कॉन्फ्लिक्ट वाचा, मग सोडवा

‘गिट स्टेटस’मध्ये ज्या फाइलीपुढे ‘बोथ मॉडिफाइड’ लिहिलं असेल ती उघडा. आमच्या फाइलीत पहिल्यांदा हे दिसलं होतं :

<<<<<<< हेड
प्रभादेवी
||||||| मूळ
एल्फिन्स्टन रोड
=======
एल्फिन्स्टन रोड, परळ स्थानकाला जोडणारा पादचारी पूल
>>>>>>> मैत्रीण

प्रत्येक खूण सात वेळा असते. वरचा भाग तुम्ही ज्या ब्रँचवर उभे आहात तिचा, खालचा जो आणताय त्याचा, मधला मूळ. (माझ्या स्क्रीनवर ‘मूळ’च्या जागी आकडे आणि अक्षरांची एक माळ होती; ती त्या मूळ कमिटची ओळख.)

आता प्रत्येक बाजू मूळ ओळीशी ताडा. भाच्याचं काम आधीच मेनमध्ये आलं होतं, त्यात त्याने नाव बदललं. मैत्रिणीने नावाला हात लावला नाही, पुलाची माहिती जोडली. दोघांचे हेतू एकमेकांच्या आड येतच नाहीत. बरोबर ओळ अशी :

प्रभादेवी, परळ स्थानकाला जोडणारा पादचारी पूल

ही ओळ दोघांच्याही फाइलीत नव्हती. म्हणून व्हीएस कोडमध्ये कॉन्फ्लिक्टवर येणाऱ्या ‘अ‍ॅक्सेप्ट करंट’, ‘अ‍ॅक्सेप्ट इनकमिंग’, ‘अ‍ॅक्सेप्ट बोथ’ या दुव्यांवर माझा विश्वास नाही. पहिल्याने पूल गेला असता, दुसऱ्याने जुनं नाव परत आलं असतं, आणि तिसऱ्याने पश्चिम रेल्वेवर एक जास्तीचं स्थानक उभं राहिलं असतं. दोघांनी यादीच्या शेवटी वेगवेगळ्या ओळी जोडल्या असतील तेव्हा ‘बोथ’ चालतं. एरवी हाताने लिहा.

ओळ लिहिली की चारही खुणांच्या ओळी आणि त्यांच्यामधल्या जुन्या ओळी पुसा, फाइल सेव्ह करा, मग :

गिट अ‍ॅड स्थानके
गिट कमिट

अ‍ॅड म्हणजे ‘ही फाइल माझ्यापुरती सुटली’ असं गिटला सांगणं. इथे सवयीने ‘गिट कमिट -ए’ मारू नका. त्याने खुणा तशाच राहिलेल्या फाइलीही सुटल्या असं धरलं जातं.

समोरच्याने बदल का केला हे कळत नसेल तर अंदाज करू नका, फोन करा. मी एकदा मैत्रिणीची एक ओळ ‘टायपिंगची चूक असणार’ म्हणून काढली. चूक नव्हती, त्या दिवशी ती तिथे प्रत्यक्ष उभी होती.

पायरी ५ : ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’चा सापळा

कंटाळा आला की हा रस्ता सुचतो :

गिट चेकआउट --देअर्स स्थानके

मला वाटलं, फक्त अडलेल्या ओळींपुरतं तिचं म्हणणं घेतलं जाईल. नाही. ही कमांड अख्खी फाइल तिची करते. कॉन्फ्लिक्ट नसलेल्या, छान जुळून आलेल्या माझ्या आणि भाच्याच्या ओळीही जातात, आणि कुणी कुरकुर करत नाही. फक्त अडलेल्या ओळींतच एक बाजू हवी असेल तर मर्ज सुरू करतानाच ‘गिट मर्ज -एक्स देअर्स’ असं सांगावं लागतं. यातला एक्स तेवढा मोठ्या लिपीतला.

चूक कमिटच्या आधी लक्षात आली तर ‘गिट चेकआउट --मर्ज स्थानके’ दिलं की कॉन्फ्लिक्ट खुणांसकट परत मांडून मिळतो. तुम्ही त्या फाइलीत तोवर हाताने सोडवलेलं मात्र जातं.

आणि रीबेस (मर्जऐवजी आपलं काम दुसऱ्यांच्या कामावर नव्याने रचणं) करत असाल तर हे दोन शब्द उलटे होतात : ‘अवर्स’ म्हणजे ज्यांच्यावर तुम्ही आपलं काम रचताय ते, ‘देअर्स’ म्हणजे तुमचं स्वतःचं काम. नवख्यांनी पहिले काही महिने रीबेसच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. भाच्याला ते पटत नाही.

पायरी ६ : गिट गप्प बसलं तरी फाइल वाचा

‘गिट अ‍ॅड’च्या आधी ‘गिट डिफ --चेक’ द्या. राहून गेलेल्या खुणा तो दाखवतो. पण खरा धोका खुणांचा नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना सलग क्रमांक मिळाले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले, आणि मध्य रेल्वेचा १ झाला ८. मैत्रिणीने दादरच्या ओळीत हे बदललं. त्याच आठवड्यात भाच्याने फाइलीच्या तळाशी, सूचनांमध्ये लिहिलं : ‘दादरला मध्य रेल्वेच्या फलाट १ वर उतरा.’ दोन ओळींमध्ये शंभरेक ओळींचं अंतर. मर्ज निमूट झालं, कॉन्फ्लिक्ट शून्य. आणि फाइल आपल्याच पोटात दोन गोष्टी सांगू लागली. वर्षानुवर्षं दादरला राहणारी मी, आणि मलाच ते तीन दिवसांनी दिसलं.

गिट ओळी जुळवतं, अर्थ जुळवत नाही. कोडमध्येही तेच होतं : एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने जुन्या नावाने नवी ओळ लिहिली, मर्ज स्वच्छ, प्रोग्राम बंद. कोडवाल्यांकडे यासाठी टेस्ट असतात. आपल्याकडे डोळे. ‘गिट डिफ हेड^’ द्या. मर्ज कमिटनंतर ते दिलं की तुमच्या प्रतीत बाहेरून काय काय आलं ते एका जागी दिसतं. प्रत्येक बदललेल्या नावासाठी, क्रमांकासाठी फाइलीत शोध घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पायरी ७ : बिघडलं तर मागे कसं यायचं

कमिट झालेलं नसेल : गिट मर्ज --अबॉर्ट. सगळं मर्जच्या आधीसारखं होतं (म्हणूनच पायरी २). मी पहिल्या महिन्यात ही कमांड इतरांपेक्षा जास्त वापरली असेन.

मर्जचा कमिट नुकताच झालाय पण कुठे पाठवलेला नाही : गिट रीसेट --हार्ड ऑरिग_हेड. ऑरिग_हेड म्हणजे मर्जच्या आधी तुम्ही होता ती जागा. याची अक्षरं मोठ्या लिपीत. जपून, कारण कमिट न केलेलं काम यात उडतं.

पाठवून झालंय आणि इतरांनी घेतलंय : मग रीसेट नको. ‘गिट रिव्हर्ट -एम १’ आणि त्या मर्ज कमिटची ओळख. पण यानंतर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली तर उलटवलेले बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या लेखी ते आधीच आलेले आहेत. ते हवे असतील तर आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो.

मराठी फाइलींचे खास त्रास

हे मला कुठे एकत्र लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

‘पायऱ्या’ आणि ‘पायर्‍या’. डोळ्यांना एकच, कॉम्प्युटरला दोन. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक. कोणता येणार हे कीबोर्डवर ठरतं. आमच्या यादीत पायऱ्या पावलोपावली, त्यामुळे हूबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींवर कॉन्फ्लिक्ट यायचा आणि मी चष्मा पुसत बसायचे. तिघांनी एकच रूप ठरवा आणि एकदा शोधा-बदला करून सगळी फाइल सारखी करा.

फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर ‘गिट स्टेटस’ नावाऐवजी तिरक्या रेघा आणि आकडे दाखवतं. फाइल बिघडलेली नसते. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ दिलं की नाव नीट दिसतं.

सलग गद्य लिहीत असाल तर एका वाक्याला एक ओळ ठेवा. गिट ओळी मोजतं. तुमचा पाचशे शब्दांचा परिच्छेद त्याच्या लेखी एकच ओळ असतो. दोघांनी त्यात दोन टोकांना एकेक शब्द बदलला तरी अख्खा परिच्छेद अडतो. नेमका कोणता शब्द बदलला ते ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ दाखवतं.

एक्सेलची फाइल जुळत नाही. ती आतून झिप असते, गिटला तिच्यातल्या ओळी दिसत नाहीत. ‘ही घ्या किंवा ती घ्या’ एवढंच हाती उरतं. तक्ता हवा असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) ठेवा, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी नीट राहते.

विंडोज आणि मॅक एकत्र असतील तर ओळीच्या शेवटाची न दिसणारी चिन्हं वेगळी पडतात, आणि एके दिवशी फाइलीतली प्रत्येक ओळ बदललेली दिसते. भाच्याने घाबरून फोन केला होता. प्रकल्पात ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करून तिच्यात ‘* टेक्स्ट=ऑटो’ एवढी एक ओळ लिहा, मग ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .’ देऊन कमिट करा. शेवटचं टिंब विसरू नका. हे दुसरं काहीही मर्ज करायच्या आधी, आणि तिघांना सांगून.

गिटमध्ये न ठेवलेल्या फाइली जुळवायच्या असतील तर

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात : दोन मेलमधून आलेल्या दोन फाइली, आणि कुठेतरी पडलेली जुनी प्रत. यालाही सोय आहे.

गिट मर्ज-फाइल माझी मूळ तिची

क्रम हाच ठेवायचा, मूळ मध्ये. निकाल पहिल्या फाइलीवरच लिहिला जातो, म्हणून ‘माझी’ची एक नक्कल आधी बाजूला काढा, किंवा कमांडमध्ये ‘-पी’ जोडा, म्हणजे निकाल नुसता स्क्रीनवर दिसेल. ‘--डिफ३’ जोडलंत तर इथेही मूळ ओळी दिसतात. कॉन्फ्लिक्टच्या खुणा त्याच, सोडवायची रीत तीच.

मूळ प्रत सापडतच नसेल तर मेलच्या ‘सेंट’मध्ये शोधा, व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या संभाषणात शोधा. मैत्रिणीचे ते दोन रविवार मला तिथेच मिळाले, ‘स्थानके नवीन २’ या नावाखाली.